चावी काढली तरी इंजिन का थांबत नाही? रूडॉल्फ डिझेल यांचे चरित्र आणि जुना ट्रॅक्टर

शहादा तालुक्यात ऊस वाहतुकीचा हंगाम सुरू झाला की जुन्या ट्रॅक्टरांना पुन्हा काम लागते. त्यांतले काही रांगेत उभे असतानाही चालूच ठेवलेले दिसतात. कारण विचारले तर एक तर बॅटरी उतरलेली असते, नाहीतर ट्रॅक्टर बंदच होत नसतो. स्टॉपचा नॉब ओढला तरी इंजिन धुसफुसत राहते. मग कोणी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून इंजिन गुदमरवतो. कोणी बरोबरच्या पोराला फिरत्या पंख्याशेजारी हात घालून पंपाची लिव्हर ओढायला सांगतो. मळणी यंत्र जोडलेले असताना असा ट्रॅक्टर थांबला नाही तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको.

मोटारसायकलची चावी फिरवली की इंजिन थांबते. जुन्या ट्रॅक्टरची चावी काढून खिशात घातली तरी तो चालतच राहतो. हा बिघाड नाही, इंजिनाची रचनाच तशी आहे. ती ज्यांनी केली त्यांचे नाव आपण पंपावर रोज घेतो. मात्र डिझेल हे एका माणसाचे आडनाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पॅरिसमध्ये जन्म, ऑग्सबर्गमध्ये शाळा

रूडॉल्फ डिझेल यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातले. वडिलांचा चामड्याच्या वस्तू बनवण्याचा छोटा धंदा होता. 1870 मध्ये फ्रान्स आणि जर्मनांचे युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे सगळ्यांचे भागेना, म्हणून बारा वर्षांच्या रूडॉल्फला ऑग्सबर्ग गावी नातेवाइकांकडे पाठवले. ते गणिताचे शिक्षक होते. मुलगा तिथेच शिकला, पहिला आला आणि शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत गेला.

म्युनिकमध्ये त्यांना कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक लाभले. बर्फ आणि शीतकरणाच्या यंत्रांत या लिंडेंचे मोठे नाव आहे. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेपैकी सहा ते दहा टक्क्यांचेच काम होते आणि बाकीची वाया जाते, हे रूडॉल्फ यांनी त्यांच्याच तासाला ऐकले. ती गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नाही. 1880 मध्ये पदवी घेऊन ते लिंडेंच्या बर्फाच्या कारखान्याच्या कामासाठी पॅरिसला गेले. उरलेल्या वेळात अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करून पाहिले. काही वर्षे त्यात गेली, पण ते जमले नाही. 1890 मध्ये ते बर्लिनला आले आणि अमोनिया सोडून त्यांनी साध्या हवेकडे लक्ष वळवले.

सायकलचा पंप गरम का होतो

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो. हवा दाबली की तापते. आग्नेय आशियातल्या काही भागांत लोक पूर्वी याच तत्त्वावर विस्तव पेटवत. पोकळ नळीच्या तळाशी थोडा कापूस ठेवायचा आणि दट्ट्या जोराने आत मारायचा, की कापूस पेट घेई. डिझेल यांनी असे एक उपकरण विद्यार्थिदशेत पाहिले होते, असे सांगतात.

त्यांची कल्पना अशी होती: सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची की आत सोडलेले इंधन आपोआप पेटेल. ठिणगी नको, ज्योत नको, बाहेरचा विस्तव नको. 1892 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, 1893 मध्ये पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी त्यांनी या विषयावर एक छोटे पुस्तकही छापले. कागदावर मांडलेला दाब फारच मोठा होता. तेवढा प्रत्यक्षात शक्य नव्हता आणि पुढे त्यांना आपलीच आकडेमोड बदलावी लागली. पण मूळ गाभा टिकला.

त्यांना हे इंजिन कोणासाठी हवे होते, हेही शेतकऱ्यांनी लक्षात घ्यावे. वाफेचे इंजिन मोठ्या गिरणीवाल्यालाच परवडे. लहान कारागिराच्या हातात स्वस्तात चालणारे छोटे इंजिन आले तर तो मोठ्यांसमोर टिकेल, असे त्यांना वाटे. कामगारांच्या सहकारी मालकीवरही त्यांनी 1903 मध्ये एक पुस्तक लिहिले. ते कोणी फारसे वाचले नाही.

ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने त्यांना जागा आणि माणसे दिली, क्रुप कंपनीने पैसा दिला. 10 ऑगस्ट 1893 रोजी पहिली चाचणी झाली. बाहेरून पट्ट्याने फिरवलेल्या इंजिनात इंधन सोडताच आत स्फोट झाला आणि दाब मोजणाऱ्या उपकरणाचे तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात वाचले, पण खूश झाले. हवेच्या दाबाने इंधन पेटते, हे त्या दिवशी सिद्ध झाले होते. 17 फेब्रुवारी 1894 रोजी इंजिन पहिल्यांदा आपल्या बळावर चालले, तेही मिनिटभरच. आणखी तीन वर्षे गेली. 17 फेब्रुवारी 1897 रोजी प्राध्यापक श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे 26 टक्के उष्णतेचे काम झाले. त्या काळच्या वाफेच्या चांगल्या इंजिनांच्या हे दुपटीहून अधिक होते.

1898 मध्ये विकले गेलेले पहिले इंजिन गेले कुठे, तर केम्पटेन गावच्या काडेपेटीच्या कारखान्यात. काडीशिवाय पेटणाऱ्या इंजिनाला हेच गिऱ्हाईक मिळावे, हा योगायोग म्हणायचा.

चावीजवळ बंद करण्यासारखे काही नाही

इथे थोडे थांबून आपल्या ट्रॅक्टरकडे पाहू. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी हवेत आणि पेट्रोलच्या मिश्रणात आग लावते. चावी फिरवली की ठिणगी बंद आणि इंजिन बंद. डिझेल यांनी ठिणगीच काढून टाकली. सिलिंडरमधली हवा दाबाने पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि इंधन आत आले की पेटते. जुन्या ट्रॅक्टरची चावी फक्त दिवे, हॉर्न आणि स्टार्टर यांच्या विजेशी जोडलेली असते. इंजिन एकदा फिरू लागले की त्याला विजेची गरज नाही. त्याला हवे इंधन आणि हवा. यांतले एक तोडले तरच ते थांबते.

म्हणून ट्रॅक्टर बंद होत नसेल तर प्रश्न एकच विचारायचा: त्याला अजून खायला कोण घालते आहे? बहुतेक वेळा उत्तर डिझेल असते. क्वचित ते त्याचे स्वतःचेच इंजिन ऑइल असते, आणि तो प्रकार धोक्याचा आहे.

शेंगदाण्याच्या तेलावरचे इंजिन

1900 च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल पद्धतीचे एक छोटे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक होता, म्हणून फ्रेंच सरकारला त्यात रस होता. डिझेल यांनी पुढे या प्रयोगाबद्दल कौतुकाने लिहिले आणि शेतात पिकणाऱ्या तेलाला पुढे मोठे महत्त्व येईल असा अंदाज केला.

खानदेशात भुईमूग आहे, तेलघाण्याही आहेत, त्यामुळे ही गोष्ट ऐकून कोणाला मोह होईल. तो टाळावा. त्या काळी इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने आत फुंकले जाई. आपल्या ट्रॅक्टरचा पंप फार बारीक अंतराने बसवलेल्या भागांचा असतो. कच्चे खाद्यतेल त्यात चिकट थर धरते. रॉकेल मिसळलेल्या डिझेलने वंगण कमी पडून हेच भाग घासतात आणि अडकतात. पंपातली रॅक अडकली की नॉब ओढूनही ट्रॅक्टर बंद होत नाही. स्वस्त इंधनाने वाचलेले पैसे पंपाच्या दुरुस्तीत जातात ते असे.

यश आले, पैसा टिकला नाही

परवान्यांतून डिझेल यांना अफाट पैसा मिळाला. अमेरिकेतले हक्क बिअर कारखानदार अडॉल्फस बुश यांनी घेतले. पण सुरुवातीची इंजिने गिऱ्हाइकांकडे नीट चालेनात. काही परत आली. पेटंटवरून कोर्टकज्जे झाले. अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली, डोकेदुखीने हैराण केले आणि काही काळ विश्रांतिगृहात काढावा लागला. म्युनिकमध्ये त्यांनी मोठी हवेली बांधली आणि जमिनीच्या व इतर व्यवहारांत पैसा गमावला. यंत्राच्या टक्क्यांचा इतका काटेकोर हिशेब करणारा हा माणूस स्वतःच्या खर्चाच्या बाबतीत तसा नव्हता.

29 सप्टेंबर 1913 रोजी ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या बोटीत चढले. रात्री जेवण झाले, सकाळी उठवायला सांगून ते खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती आणि बिछान्यावर कोणी झोपलेले नव्हते. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह सापडला. खिशातल्या वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. घातपाताच्या अफवा बऱ्याच उठल्या, पण कर्जामुळे त्यांनी स्वतःच जीवन संपवले असावे असे बहुतेक चरित्रकार मानतात. वय होते 55.

त्यांच्या हयातीत हे इंजिन कारखान्यांत आणि जहाजांवर पोचले, पण नांगरापर्यंत आले नाही. इंधन फुंकण्यासाठी लागणारा हवेचा कॉम्प्रेसर इतका अवजड होता की ते शेतात फिरवणे शक्य नव्हते. ही अडचण पुढच्या पिढीने सोडवली. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत डिझेल ट्रॅक्टर निघाले आणि 1927 मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने इंधन दाबून मोजून देणाऱ्या पंपाचे मोठे उत्पादन सुरू केले. कॉम्प्रेसर गेला आणि इंजिन हलके झाले. आपल्याकडे 1951 मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली. म्हणून जुने मिस्त्री अजून मायको पंप म्हणतात. महाराष्ट्रात लोखंडी नांगरापासून सुरुवात करणाऱ्या किर्लोस्करांनी 1946 मध्ये पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा वेगळा कारखाना काढला. विहिरीवरचे आणि नदीकाठचे पाणी शेतात चढवायला अशी इंजिने गावोगाव गेली. लहान माणसाच्या हातात इंजिन जावे ही डिझेल यांची इच्छा त्यांच्या मृत्यूनंतर इथे पुरी झाली.

दोष केबलचा की पंपाचा?

बॉशच्या त्या पंपात एक आडवी दातेरी पट्टी असते, तिला रॅक म्हणतात. ती एका बाजूला सरकली की इंधन वाढते, दुसऱ्या टोकाला गेली की शून्य होते. डॅशबोर्डवरचा नॉब केबलने पंपावरच्या लिव्हरला जोडलेला असतो आणि लिव्हर रॅकला शून्यावर नेते. म्हणजे तपासायच्या जागा तीन: नॉब, केबल आणि पंप.

पहिली तपासणी शक्यतो इंजिन बंद असतानाच करा. पीटीओ काढा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावा आणि चाकाला दगड द्या. एकाने नॉब ओढावा, दुसऱ्याने पंपाची लिव्हर पाहावी. लिव्हर शेवटच्या टोकापर्यंत जाते का? बऱ्याच ट्रॅक्टरांत दोष इथेच सापडतो. केबलचे बाहेरचे आवरण पत्र्याच्या क्लॅम्पमधून सुटलेले असते, त्यामुळे नॉब हातात येतो पण लिव्हर अर्ध्यावर थांबते. कधी आतली तार गंजलेली, तर कधी तिचे धागे तुटलेले असतात. क्लॅम्प घट्ट करा, तारेला तेल द्या. धागे तुटले असतील तर केबलच बदला. तारेने बांधून वेळ मारून नेऊ नका. नॉब परत ढकलल्यावर लिव्हर पूर्ण मागे येते का, हेही पाहा. येत नसेल तर सकाळी ट्रॅक्टर स्टार्ट होणार नाही आणि बॅटरीला दोष दिला जाईल.

मग इंजिन चालू करून मंद ठेवा आणि पंपाच्या बाजूने, पंख्यापासून लांब राहून, लिव्हर हाताने शेवटपर्यंत ओढा. गमछा, उपरणे, पदर आधी खोचून घ्या. इंजिन थांबले तर पंप ठीक आहे, दोष केबलचा. लिव्हर टोकाला गेली तरी इंजिन चालतच असेल, तर पंपाच्या आत रॅक अडकली आहे किंवा जोडणी सुटली आहे. अशा वेळी डिझेलचा कॉक बंद करून इंजिन थांबू द्या. फिल्टर आणि पाइपात उरलेले डिझेल संपेपर्यंत ते काही मिनिटे चालेल. नंतर पुन्हा चालू करू नका, कारण अडकलेली रॅक जास्त इंधनावर अडकली तर इंजिन एकदम रेस होते आणि गव्हर्नरचा उपयोग राहत नाही. पंप शेतात धुळीत खोलू नका, कॅलिब्रेशन करणाऱ्या दुकानात न्या. कॉक बंद करून थांबवलेल्या इंजिनात हवा शिरते. पुढच्या वेळी ती काढल्याशिवाय ट्रॅक्टर उचलणार नाही.

थोड्या अलीकडच्या ट्रॅक्टरांत केबलऐवजी पंपावर विजेचा सोलेनॉइड असतो. काहींत वीज आल्यावर तो इंधन सोडतो, काहींत वीज आल्यावर बंद करतो. दुसऱ्या प्रकारात तार तुटली किंवा बॅटरी उतरली तर इंजिन बंद होत नाही. चावी फिरवताना पंपाजवळ टक् असा आवाज येतो का, ते ऐका. आवाज नसेल तर आधी वायर आणि फ्यूज पाहा.

इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊ लागले तर

डिझेल यांच्या इंजिनाला इंधन कुठून आले याचे देणेघेणे नसते. तापलेल्या हवेत जळणारे काहीही त्याला चालते. म्हणून डिझेल पूर्ण बंद असूनही इंजिन चालत असेल, आवाज चढत असेल आणि निळसर-पांढरा धूर दाटत असेल, तर ते इंजिन ऑइलवर चालले आहे.

याची चिन्हे आधीच दिसतात. दररोज सकाळी डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी न भरता वाढली असेल, ऑइल पातळ असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा फाटून किंवा पंपाचे सील जाऊन डिझेल चेंबरमध्ये उतरते आहे. असा ट्रॅक्टर चालूच करू नका. दुसरे कारण एअर क्लीनर. जुन्या ट्रॅक्टरांच्या ऑइल बाथ क्लीनरच्या भांड्यावर पातळीची खूण असते. धूळ जास्त म्हणून खुणेच्या वर ऑइल भरले की इंजिन ते हवेबरोबर ओढून घेते. तिसरे कारण झिजलेल्या रिंगा, त्यात ब्रीदरमधून सतत धूर येतो. कृषी सहायकांनी शिवारफेरीत ही डिपस्टिकची आणि भांड्याची खूण एवढी तरी दाखवावी, त्याला हत्यार लागत नाही.

इंजिन हाताबाहेर रेस होऊ लागले तर डिझेल बंद करून उपयोग नाही, हवा बंद करावी लागते. हवा आत घेण्याच्या तोंडावर सपाट जाड लाकडी फळी दाबून धरा. हात किंवा सैल कापड कधीही लावू नका, ते आत खेचले जाते. एअर क्लीनरच्या तोंडाएवढी प्लायवूडची फळी कापून, खाली जुन्या ट्यूबचे रबर ठोकून टूलबॉक्समध्ये ठेवावी. जवळ जाणे शक्य नसेल तर माणसे लांब करा. नोझलच्या पाइपाचे नट सैल करू नका, त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते आणि जखम वरून किरकोळ दिसली तरी तातडीने दवाखान्यात न्यावी लागते.

गिअरमध्ये टाकून इंजिन बंद पाडणे हा उपाय मंद चालणाऱ्या इंजिनापुरता, सीटवर बसून आणि पुढे-मागे कोणी नसतानाच. रेस झालेल्या इंजिनावर तो करू नये, ट्रॅक्टर उसळतो.

पाण्यावरच्या एक सिलिंडरच्या इंजिनालाही हेच लागू आहे. ते पंपाची इंधनाची लिव्हर बंद करून थांबवायचे. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून थांबवण्याची सवय अनेकांना असते. त्याने व्हॉल्व्ह आणि पुशरॉडला मार बसतो, आणि तोवर पंप इंधन देतच राहिलेला असतो.